पाच शब्दांचं वाण

विसरणाऱ्या माणसांचे किस्से काही केल्या विसरता येत नाहीत, हा माझा गेल्या चार वर्षांचा अनुभव. मी गणिताची निवृत्त शिक्षिका. मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडे ज्येष्ठांच्या मंडळाचा पत्र्याचा हॉल आहे. तिथं दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी स्मरणवर्ग घेते. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात लुडबुड करण्यापेक्षा बरं, म्हणून एक छोटं प्रशिक्षण घेतलं आणि सुरू केलं. दहा शब्द वाचायचे, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग ते शब्द विचारायचे आणि किती आले ते रजिस्टरात लिहायचं. त्या रजिस्टरात शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना आहे. मार्कांचे रकाने निम्मे रिकामे, आणि शेऱ्याचा रकाना भरून मागच्या पानावर गेलाय! भेटेल त्याला मी त्यातलं काहीबाही ऐकवत असते. तुम्ही आज बसलाच आहात, तर ऐका.

*

पहिल्या दिवशी अकरा जण आले. मी टेचात स्टॉपवॉच काढलं आणि यादी वाचली. सफरचंद, खुर्ची, ढग, कुलूप, घंटा अशी. पाच मिनिटांनी भाऊसाहेब जगतापांना उठवलं. जगताप वैजापूरकडचे, वय शहात्तर. शेती तिकडं, पण मुलगा इथं कंपनीत, म्हणून मुक्काम इथं. त्यांना दोन शब्द आले, आणि त्यातला एक माझ्या यादीत नव्हताच.

शाळेत मागच्या बाकावरच्यांशी बोलायचे त्याच आवाजात मी विचारलं, "काका, लक्ष होतं का तुमचं?"

"व्हतं की. पण बाई, सफरचंदानं माझं काय भलं केलं, म्हणून मी त्याला ध्यानात ठिवू?"

मला राग आला. शिस्त म्हणून काही असतं की नाही! मी त्यांच्या नावापुढे लाल शाईनं दोन लिहिले.

पुढच्या वर्गाला जगताप वहीच्या पानावर स्वतःची यादी लिहून घेऊन आले. म्हणाले, आज मी वाचतो, तुम्ही सांगा. तिफण, पाभर, वखर, जू, शिवळ, कासरा, अशी बैलांच्या शेतीतली दहा अवजारं आणि दोऱ्या त्यांनी सावकाश वाचल्या. पाच मिनिटं झाली. मला तीन आले. त्यातही 'कासरा' मी दोनदा म्हटलं. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

जगताप हळहळले. शेजारच्याला म्हणाले, "बाईंना दवाखान्यात दाखवावं लागंल."

*

देशपांडे साहेबांची तऱ्हा वेगळी. त्यांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेलं. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा आणि वहीत चढवायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. माणूस तल्लख. चौकात उभं राहून तुमच्या सातबाराच्या भानगडी तोंडपाठ सांगेल. पण 'चाचणी' हा शब्द ऐकला की कपाळावर घाम! पंचाहत्तरीनंतर मेंदू जातोच, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि त्यावर त्यांचा सरकारी परिपत्रकाइतका विश्वास होता.

एकदा मी यादी वाचून त्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आवक क्रमांक एक, दोन, तीन, चार... दहाही दाखल आहेत."

"अहो, पण शब्द कोणते?"

"ते आता संबंधित टेबलाला विचारावं लागेल," ते म्हणाले.

मी रजिस्टरात शून्य लिहिलं आणि पुढच्या शुक्रवारी वेगळाच डाव टाकला. सांगितलं, साहेब, चार नवे लोक आलेत, त्यांची परीक्षा आज तुम्ही घ्या. साहेबांनी चष्मा चढवला, यादी एकदा वाचली, कागद माझ्याकडं परत दिला आणि चौघांना एकेक करून झापलं. तुमची समई राहिली, तुम्ही ओढणीच्या जागी टोपी म्हणालात, तुमचा क्रम चुकला. सगळं तोंडी.

मी म्हटलं, "साहेब, यादी तर माझ्या हातात आहे. तुम्हाला दहाही पाठ झाले!"

साहेब शांतपणे म्हणाले, "होणारच. परीक्षा त्यांची होती ना."

*

डॉक्टर लोकांच्या चाचणीत एक प्रश्न असतो, आत्ता आपण कोणत्या शहरात आहोत. सरावासाठी मी तो फळ्यावर लिहिला. मला वाटलं, हा फुकटचा मार्क आहे.

जगताप म्हणाले, आम्ही तर मुकुंदवाडीत हाय, शहरात जायाला रिक्षा करावी लागती. आमच्या शहराचं नाव बदललंय, म्हणून मागच्या रांगेत जुनं नाव की नवं नाव यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी निकाल द्यायला मी देशपांडे साहेबांकडं वळले.

साहेबांनी विचारलं, "कागदोपत्री सांगू, का बोलण्यातलं?"

फुकटचा मार्क त्या दिवशी कुणालाच देता आला नाही.

*

आता कौसाबाई. वय चौऱ्याहत्तर, राहणार हॉलच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. यजमान रेल्वेत गँगमन होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून एकट्या. एकट्या म्हणजे कागदावर. सकाळी सहाला त्यांचं दार उघडतं ते दिवेलागण होऊन जाईपर्यंत उघडं, आणि निम्मी गल्ली त्या दारातून आत-बाहेर करत असते.

मुलगा प्रकाश पुण्याला. तो वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते. रोज फोन करतो. पण एकदा तो आलेला असतानाच कौसाबाई गॅसवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसल्या आणि पातेलं जळून काळं झालं. तो घाबरला. क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात त्यांना घेऊन गेला. तिथं चाचणी झाली आणि कौसाबाईंना पाचातला एकही शब्द आला नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. प्रकाश म्हणाला, तेव्हाही असंच निघालं तर आई, तू पुण्याला चल. जाताना त्यानं एक नवंकोरं, तळहाताएवढं कुलूप आणलं आणि दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. लागेल तेव्हा शोधाशोध नको, म्हणून.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई माझ्या वर्गात आल्या. चाचणीचा कागद माझ्यासमोर ठेवला.

"बाई, ह्ये पास करायचंय."

आयुष्यात मी शेकडो पालकांना 'बघू, प्रयत्न करू' म्हटलंय. कौसाबाईंना मी म्हटलं, करणारच! गणिताच्या बाईनं असा शब्द देऊन टाकायचा नसतो, पण मी दिला.

*

प्रशिक्षणात आम्हाला चित्रांचा एक संच मिळाला होता. बारा चित्रं. काही आनंदाची, काही दुःखाची. बाळाला न्हाऊ घालणारी आजी, जत्रेतला पाळणा, रडणारा माणूस, अपघात झालेली मोटर, भांडणारी भावंडं. सगळी दाखवून मी चित्रं झाकली आणि काय काय बघितलं ते विचारलं.

बाळ सगळ्यांना आठवलं. बाळाच्या पायातलं चांदीचं वाळं कौसाबाईंना आठवलं, जे मला अजून दिसलं नव्हतं! पाळण्याचे रंग आठवले. रडणारा माणूस कुणालाच आठवेना, अपघात तर नाहीच. मला वाटलं, यांची नजरच गेली. मी वैतागून रडणाऱ्या माणसाचं चित्र पुन्हा वर धरलं आणि म्हटलं, हा तुम्हाला दिसलाच नाही का?

"दिसला की," जगताप म्हणाले. "पर रडत्या माणसाकडं किती येळ बघायचं, बरं दिसतं का ते?"

कौसाबाईंनी नुसती मान हलवली. म्हणाल्या, "त्ये लई बघून झालंय आता."

*

मध्येच देशपांडे साहेबांचा तो प्रसंग सांगितला पाहिजे. भर वर्गात त्यांना फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमचा नातू पोलिसांच्या ताब्यात आहे, कुणाला सांगू नका, मी सांगतो तसं करा. साहेब ताडकन उठले. ज्या माणसानं तीन प्रतींशिवाय सख्ख्या भावाचं काम पुढं सरकवलं नाही, तो माणूस एका पायात स्वतःची आणि एका पायात जगतापांची चप्पल घालून रिक्षात बसून गेला! घाईत फोन खुर्चीवरच राहिला.

फोन चालूच होता. पलीकडचा ओरडत होता. जगतापांनी तो कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि शांतपणे तिफण, पाभर, वखर, जू असं सुरू केलं. दहा शब्द पुरे व्हायच्या आत त्यानं फोन ठेवून दिला.

तासाभरानं साहेब परत आले. तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला नातू आहेच कुठं? तिन्ही नाती!"

"ते मला क्रांती चौकात आठवलं," साहेब म्हणाले.

सगळे पोट धरून हसले. कौसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "नातू न्हाय तर इतकं पळाले," त्या म्हणाल्या, "असता तर काय केलं असतं." साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि चप्पल जगतापांना परत दिली.

*

कौसाबाईंचा अभ्यास मात्र उलटा चालला होता. मी जिद्दीला पेटले होते. मंगळवार-शुक्रवार पुरेना म्हणून रोज बोलवायला लागले. दहा शब्द, पुन्हा दहा शब्द. पहिल्या आठवड्यात पाच आले, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात दोन. आणि माझ्या पहिल्या यादीतला 'कुलूप' हा शब्द तर कधीच नाही. बाकीचे पुढंमागं यायचे, हा साफ गायब. एक दिवस माझा तोल गेला. मी ओरडले, "कुलूप, कौसाबाई, कुलूप! साधा शब्द आहे!"

त्यांनी पदर नीट केला आणि उठून गेल्या. पुढचे दोन वर्ग आल्या नाहीत. मला फार लाज वाटली. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना असं बोलले असेन का, हाच विचार डोक्यात फिरत राहिला.

जगताप माझ्याकडं आले. ते रागावलेही नाहीत, समजूतही घालत नव्हते.

"बाई, रानातनं बैल थकून आला तरी घराकडं तोंड केलं की पळतो. तुम्ही त्येचं तोंड दवाखान्याकडं केलंय."

*

मी माफी मागायला कौसाबाईंच्या घरी गेले. दार उघडंच होतं. त्यांनी माझी माफी ऐकलीच नाही, चहा टाकला. आणि मग म्हणाल्या, बरं झालं आलात, तुमचं एक वाण ऱ्हायलंय.

हे काय, ते सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना काहीतरी वस्तू द्यायची, तिला वाण म्हणतात. कौसाबाईंचं हळदीकुंकू म्हणजे गल्लीचा सण, आमच्या घरीही दरवर्षी बोलावणं यायचं. यजमान गेले त्या वर्षी बायका दबकत दारापाशी थांबल्या, तर ह्या म्हणाल्या होत्या, हळदीकुंकू तुम्ही एकमेकींना लावा, वाण मीच देणार. तेव्हापासून तसंच चाललंय.

त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वस्तू, वर कुणाचं नाव नाही, खूण नाही. एकेक उचलून म्हणाल्या, ही शेजारच्या पार्वतीची, ती त्या साली माहेरी गेली होती. ही सायराच्या आईची, त्यांच्याकडं त्या दिवशी पाव्हणे होते. आणि ही तुमची, तुमची आई दवाखान्यात होती ते साल. मला ते साल स्वतःला सांगता आलं नसतं.

मग मी एकामागून एक विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. कुठल्या वर्षी काय वाटलं, कुणाला मोठं पडलं, कुणी बदलून नेलं. "तुमच्या सासूबाईंना गाळणी दिली व्हती, पिवळ्या दांड्याची," त्या सहज म्हणाल्या. मी घरी जाऊन स्वयंपाकघरात बघितलं. त्या पिवळ्या दांड्याच्या गाळणीनं मी इतकी वर्षं चहा गाळतेय आणि ती कुठून आली हा विचार कधी मनाला शिवला नव्हता!

त्या दिवशी मी स्टॉपवॉच कपाटात टाकलं ते अजून तिथंच आहे.

*

पुढच्या मंगळवारी मी कौसाबाईंना सांगितलं की आता पाठ काही करायचं नाही. मी एक वस्तू सांगणार, तुम्ही ती कुणाला द्यायची ते ठरवायचं. नंतर मी विचारीन, वाण कुणाकुणाला गेलं.

पहिल्याच दिवशी सात. दोन आठवड्यांत नऊ. खुर्ची दिली गुडघे दुखणाऱ्या पार्वतीला, घंटा दिली शाळेत शिकवणाऱ्या सायराला, ढग दिला जगतापांना, कारण वैजापूरकडं पाऊस हुलकावणी देतो. सगळ्या वर्गाला नाद लागला. देशपांडे साहेबांनी जावक वही उघडली आणि कोणती वस्तू कुणाला गेली ते चढवू लागले, आणि त्या नादात त्यांनाही आठ शब्द येऊ लागले.

दहावा मात्र येईना. मी एकदा हळूच विचारलं, कौसाबाई, कुलूप कुणाला दिलं?

"कुलूप कुणी वाणात देतं व्हय?" त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्यांचंही बरोबर होतं. जगताप म्हणाले, बाई, तो शब्द यादीतनं काढून टाका, डॉक्टर काय नेमकं तेच इचारणार हाय का? मी काढून टाकला.

*

तीन महिने भरले. प्रकाश सकाळीच पुण्याहून आला. दवाखान्यात कौसाबाई, प्रकाश आणि मी असे तिघं जायचं ठरलं होतं. पोचलो तर बाहेरच्या बाकावर जगताप आणि देशपांडे साहेब आधीच बसलेले. साहेबांच्या मांडीवर जावक वही.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. प्रकाशला आणि मला त्यांनी मागं बसू दिलं, पण काही बोलायचं नाही या अटीवर. कौसाबाईंना म्हणाले, आजी, पाच शब्द सांगतो, थोड्या वेळानं विचारीन.

"मोगरा. छत्री. बैल. चादर." ते थांबले, कागदाकडं बघितलं. "कुलूप."

मी प्रकाशकडं बघितलं, त्याला काहीच माहीत नव्हतं. कौसाबाईंची पाठ माझ्याकडं होती, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला लावलं, उलट आकडे म्हणायला लावले. त्यातलं काही जमलं, काही अडखळलं. मला धड ऐकू येत नव्हतं. मी मनातल्या मनात तो एक शब्द त्यांच्या पाठीकडं ढकलत होते.

"हं आजी, आता ते पाच शब्द सांगा."

कौसाबाई सावरून बसल्या.

"मोगरा पार्वतीला दिला, तिला लई आवड. छत्री सायराला, पायी जाती ती शाळंत. बैल जगताप अण्णाला, त्यो बाहीर बसलाय. चादर बाईंना दिली, त्यांना पंख्याचा गारठा बाधतो."

डॉक्टरांची पेन्सिल चार वेळा हलली आणि थांबली.

"अजून एक होता, आजी," डॉक्टर म्हणाले. "आठवत नसेल तर राहू द्या."

कौसाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि सगळ्या अंगानं मागं वळल्या. प्रकाशकडं बघितलं.

"कुलूप ह्याला दिलं," त्या म्हणाल्या. "पुण्याला घिऊन जा म्हणलं. आपल्या दाराला त्ये लागत न्हाय."

डॉक्टरांनी पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, आणि आमच्याकडं बघून विचारलं, "हे बरोबर धरायचं का?"

मी बोलणार होते, पण अट होती.

"धरा," प्रकाश म्हणाला.